आतून कुणी ‘या’ म्हणेपर्यंत

लिक्सलिप, आयर्लंड
रविवार, ३ डिसेंबर २००६

ती. ताईस,

निमूचा वाकून नमस्कार. भाऊजींनाही सांग. इकडे आम्ही तिघं बरे आहोत. मुक्ताला सर्दी आहे, पण ती इथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सगळ्यांनाच असते, त्यामुळे तिला आजार म्हणत नाहीत.

तुझं दिवाळीचं पार्सल ऑक्टोबरातच मिळालं. चकल्यांचा पार चुरा झाला होता. मुक्ताने तो दह्यात घालून चमच्याने खाल्ला आणि ‘मावशीज सीरियल’ असं त्याला नाव ठेवलं. अनारसे मात्र एकही न तुटता आले. ते तू कसे बांधले होतेस ते एकदा सांग. तुझं पत्र डब्याच्या तळाशी होतं, त्यामुळे त्याला तूप लागलं आणि दोन ओळी पारदर्शक झाल्या. पण वाचता आल्या. ‘जानेवारीत ये. बाबांचं कपाट मी अजून उघडलेलं नाही, दोघी मिळून उघडू. या वेळी तरी व्हिसा आधी काढून ठेव, नाहीतर परत तेच व्हायचं.’

उत्तराला सव्वा महिना लागला. मध्यंतरी तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा शैलेंद्रने सांगितलं, की नीलिमा कामावर गेली आहे. मी कामावर नव्हते, ताई. मी आयर्लंडमध्येच नव्हते. तीन आठवडे मी मोरोक्कोत, माराकेश नावाच्या जुन्या शहरात अडकून पडले होते. तुला सांगायचं नाही, असं शैलेंद्रला मीच बजावलं होतं. का, ते पुढे येईल. मला जरा माझ्या चालीने सांगू दे.

ऑक्टोबरच्या शेवटी इथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. शैलेंद्रच्या ऑफिसातल्या एकाची मावशी, नोरा गेराटी, माराकेशला घर घेऊन राहते. ती मूळची मलिंगारची. इथून तासाभरावरचं गाव आहे ते. तिथल्या हॉस्पिटलात ती नर्स होती. लग्न केलं नाही. आईचं अकरा वर्षं अंथरुणावरचं सगळं केलं. आई गेल्यावर गावाबाहेरचं घर विकलं आणि साठाव्या वर्षी उठून मोरोक्कोत जुनं घर घेतलं. ते दुरुस्त केलं, आणि आता त्यातल्या चार खोल्या पाहुण्यांना देते. आम्हाला एक ओळखीने मिळाली. डब्लिनहून सुट्टीची विमानं आगादीरला जातात, तिथून चार तास बस.

पहिल्या दिवशी मला ते घर आवडलं नाही. तू हसशील, पण मी पडदे शिवणारी बाई. सिटीवेस्टला रोज नवी घरं होताहेत, प्रत्येकाला खिडक्याच खिडक्या, आणि आमच्या दुकानात मी आठवडाभर त्या खिडक्यांची मापं कापत असते. आणि हे घर म्हणजे गल्लीकडे एकही खिडकी नाही. दोन्ही बाजूंना गेरूच्या रंगाच्या उंच कोऱ्या भिंती आणि मध्ये एक बुटकं दार, वाकून आत जावं असं. आत गेलं तरी घर दिसत नाही. एक अंधारा बोळ लागतो आणि तो मध्येच काटकोनात वळतो. दारात उभ्या माणसाला आतलं काही दिसू नये म्हणून तो तसा बांधतात, असं नोरा म्हणाली.

आणि तो वळला की एकदम आभाळ.

मधोमध चौक. चार कोपऱ्यांत चार वाफे, त्यांत संत्र्याची झाडं. तुमच्या नागपुरी संत्र्यांसारखी नाहीत, ही कडू, चौकात शोभेला लावतात. मध्ये पाण्याचं छोटं कुंड, चिमण्या येऊन त्यात आंघोळ करतात. चारी बाजूंना लांबट, अरुंद खोल्या, छताला पोचणारी लाकडी दारं. सगळ्या खिडक्या आत, चौकाकडे. वर गच्ची. भिंतींना चुन्याचा गिलावा आहे, पण तो काळा साबण लावून दगडाने इतका घोटलेला, की हात फिरवला तर अंड्याच्या कवचासारखा लागतो. नोराने नवे नळ घातले, वीज नीट केली, धान्याच्या कोठीचं न्हाणीघर केलं. स्वयंपाकघरात मात्र आयरिश चहाचे डबे आणि मलिंगारहून आणलेली किटली.

एका खोलीला तिने हातही लावला नाही. ती सी द्रिस यांची. सी म्हणजे आपल्याकडचं राव. ऐंशीच्या पुढचे आजोबा, लोकरीचा पायघोळ झगा, हातात काठी. घर मुळात त्यांच्या घराण्याचं. त्यांना मूलबाळ नाही, पुतण्याने घर विकलं आणि एकच अट घातली, की काका असेपर्यंत त्यांच्या खोलीत राहतील. नोरा म्हणाली, ‘मी पंचवीस वर्षं वॉर्डात काढली. एक म्हातारा जास्त, त्याने काय होतं?’

हे आजोबा बाहेरून आले की बोळाच्या वळणावर थांबतात आणि मोठ्याने म्हणतात, ‘त्रीक.’ म्हणजे वाट. चौकात कुणी बायकामाणसं बसली असतील तर त्यांनी सावरून बसावं, आत जावं, म्हणून घरात येणारा परका पुरुष असं ओरडतो. प्लंबर ओरडतो, गॅसवाला ओरडतो. आतून कुणीतरी ‘दूज’ म्हणतं, म्हणजे या, जा पुढे. मगच तो पाऊल टाकतो. सी द्रिस ज्या घरात जन्मले त्या घरात आता तसं ओरडून येतात.

मुक्ताला गंमत वाटली. ती सारखी बोळात जाऊन ‘त्रीक’ म्हणायची आणि शैलेंद्र ‘दूज’ म्हणायचा. नोरा म्हणाली, ‘युवर मॅनला मी हजारदा सांगितलं, की आजोबा, गरज नाही. ऐकतच नाही.’ (इथे कुठल्याही तिसऱ्या माणसाला ‘युवर मॅन’ म्हणतात. पहिल्या वर्षी शेजारीण शैलेंद्रसमोर पोस्टमनला माझा माणूस म्हणाली तेव्हा मी गारच पडले होते.)

आठवडा छान गेला. शनिवारी, चार नोव्हेंबरला, परत निघालो.

इथे राहायचा परवाना असला तरी देशाबाहेर गेलं की परत आत शिरायला वेगळा व्हिसा लागतो. तुला हे पाठ आहे, मीच ते तुला समजावलं होतं. काहींच्या शिक्क्यावर वर्षभरात कितीही वेळा येता येतं, काहींच्या एकदाच. शैलेंद्र आणि मुक्ताचा कितीही वेळांचा होता. माझा मागच्या वेळी परवान्याच्या कार्डाची मुदत संपत आली असताना काढलेला, म्हणून एकदाच येण्याचा. आणि ते एकदा येणं जुलैत होऊन गेलं होतं, लंडनला शैलेंद्रच्या आतेभावाच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा. मोरोक्कोच्या व्हिसाचे कागद मी तिघांचे लावले, फोटो काढले, प्रती काढल्या. स्वतःच्या परतीचा शिक्का मी बघितलाच नाही. ज्या नियमाचं मी तुला एवढं पुराण सांगितलं, तोच मी विसरले.

आगादीरच्या काउंटरवरच्या मुलीने दोघांचे पासपोर्ट परत दिले आणि माझा घेऊन आत गेली. साहेब आला. त्याने शिक्क्यावर बोट ठेवून सांगितलं, की मॅडमना विमानात बसवता येणार नाही. शैलेंद्रने पासपोर्ट हातात घेतला, ते पान बघितलं, आणि माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाला, “या वेळी खरंच नाहीये.”

त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. सोमवारी मुक्ताची शाळा, त्याची शिफ्ट. अर्ध्या तासात दोघांना जावं लागलं. मुक्ता काचेपलीकडून हात हलवत राहिली. माझ्या कानात ते एक वाक्य राहिलं.

तुला ते वाक्य अजून लागलं नसेल. लागेल.

नोराला फोन केला. ती म्हणाली, “ये परत. यू'ल बी ग्रँड. कोपऱ्यातली गार खोली रिकामी आहे.” दुपारच्या बसने परत माराकेशला आले. कागद लिस्बनच्या आयरिश वकिलातीत जातात, तिथून उत्तर यायला दोन-तीन आठवडे, असं कळलं. फॉर्म, फोटो, शैलेंद्रच्या कंपनीचं पत्र, सगळं पाठवलं. दुकानाच्या मालकिणीला फोन केला, ती म्हणाली नाताळच्या आधी ये म्हणजे झालं. मग काही उरलं नाही. ताई, सहा वर्षांत पहिल्यांदा मला काही काम नव्हतं. मी नोराच्या चादरींना टीप घातली, फाटक्या गाद्यांची तोंडं शिवली, भाजी चिरली. दुपारी चौकात बसायचे. नोव्हेंबरात तिथे उन्हात ऊब आणि सावलीत थंडी, म्हणून उन्हाबरोबर खुर्ची सरकवत सरकवत मी अख्खा चौक फिरायचे.

सी द्रिस रोज तीनच्या सुमाराला मशिदीतून परत यायचे. त्रीक. नोरा कुठूनतरी, कधी गच्चीवरून, कधी न्हाणीघरातून, दूज म्हणायची. ते यायचे, छातीवर हात ठेवून माझ्याकडे मान झुकवायचे, कुंडावर हात धुवायचे, खोलीत जायचे. त्यांची आणि माझी भाषा एक नाही. एकदा त्यांनी मला पुदिन्याची जुडी दिली, एकदा मी त्यांच्या झग्याची उसवलेली बाही शिवली. तेवढंच.

बहुतेक चौदा तारीख असेल. नोरा बाजारात गेली होती. मी वरच्या खोलीत शिवत बसले होते. खालून आवाज आला, त्रीक. मी ऐकला. पण मला वाटलं, सवयीने म्हणतात, येतील. मी टीप घालत राहिले. उशीचे चार अभ्रे झाले. तासभर तरी गेला असेल. मग धागा संपला म्हणून खाली आले, तर चौकात कुणी नव्हतं, कुंडाजवळची फरशी कोरडी. बोळात डोकावले. ते वळणावर उभे होते. एक हात भिंतीला, एक काठीवर. पाय थरथरत होते. मला बघून त्यांनी नजर खाली घातली आणि पुन्हा, अगदी हळू, म्हणाले, “त्रीक.”

मी दूज म्हटलं. माझा उच्चार चुकला असणार. ते माझ्यासमोरून भिंत धरत गेले, आणि जाताना छातीवर हात ठेवून मान झुकवली, रोजच्यासारखी. रागावले असते तर बरं झालं असतं.

नोरा आल्यावर मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “हो, उत्तर द्यावं लागतं. त्यांच्या दृष्टीने घर आता माझं आहे. मी नसले तर शेजारची फातिमा गच्चीवरून देते. आज तीही नसेल.”

ताई, तुला आठवतं का, सप्टेंबर २००४, गणपती होते. मी फोन केला होता. आपण बोलत होतो आणि मागे कुणीतरी खाकरलं. मी विचारलं, कोण गं आलंय? तू म्हणालीस, “कोण येतंय, बाबा आहेत. स्वयंपाकघरात यायचं म्हणून खाकरताहेत. जावयाचं घर ना. ‘या बाबा’ म्हटल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. मी गॅसपाशी असले, मिक्सर चालू असला, की बाहेर उभेच राहतात.” मग तू रिसीव्हर बाजूला धरून म्हणालीस, “या बाबा, या.” आणि मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला.

पटांगणाच्या त्या टोकाला असलेल्या पोरांना ज्यांची एक हाक पुरायची, त्या पीटीच्या सरांचा आवाज एवढाच उरला होता.

त्याच फोनवर तू पुढे म्हणालीस, “निमू, तू ये. दोन महिने राहा. मला एकदा सलग झोपायचंय.” अगदी एवढंच. तक्रार नव्हती. बाबा तुझ्याकडे आल्यापासून सहा वर्षं तू एकटीने केलंस आणि पहिल्यांदा काही मागितलंस.

मी म्हटलं, माझा व्हिसा संपलाय, नव्याला दिलाय, आत्ता बाहेर पडले तर परत घेणार नाहीत.

ताई, माझा व्हिसा होता. फेब्रुवारीपर्यंत होता. कितीही वेळा येण्याचा होता. सोबत त्या पानाची झेरॉक्स ठेवली आहे, जुना पासपोर्ट मी फेकला नाही. शिक्क्यावर तारीख स्पष्ट आहे.

का, ते मी दोन वर्षं स्वतःला निरनिराळ्या प्रकारे सांगितलं. मला नुकतंच माझ्या नावाचं कामाचं परमिट मिळालं होतं. चार वर्षं मी सगळ्या फॉर्मवर ‘अवलंबित’ होते, तीन आठवड्यांपूर्वी दुकानात लागले होते. मुक्ता लहान होती. हे सगळं खरं आहे. पण ते कारण नाही. कारण असं, की ‘दोन महिने’ ऐकून मी घाबरले. मला वाटलं, एकदा गेले की तू म्हणशील, आता तुझी पाळी. आणि तुझं म्हणणं रास्त असेल, म्हणून मला नाही म्हणता येणार नाही. बाबांना उठवणं, बसवणं, त्यांचं ते सारखं परवानगी मागणं, हे सगळं माझ्याकडे येईल आणि मी तिथेच राहून जाईन. मला अडकायचं नव्हतं. तोंडात व्हिसा आला, तो मी पुढे केला. मला वाटलं, दिवाळीनंतर सावकाश जाऊ, तेव्हा व्हिसा मिळाला म्हणून सांगू.

त्याच वर्षी एकोणीस नोव्हेंबरला तुझा फोन आला. तू रडत नव्हतीस. म्हणालीस, बाबा गेले, सकाळी सहाला, आणि मला माहीत आहे तुला येता येणार नाही, तू तिथे त्रास करून घेऊ नकोस. तू माझ्यासाठी सबब आधीच तयार ठेवली होतीस. शैलेंद्रने माझा पासपोर्ट आणून टेबलावर ठेवला. “शिक्का फेब्रुवारीपर्यंत आहे. आजचं तिकीट मिळेल, काढू?” मी म्हटलं, “ताईला काय सांगू?”  मग त्याने पासपोर्ट परत कपाटात ठेवला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही, आगादीरच्या त्या काउंटरपर्यंत.

म्हणजे सप्टेंबरात मी तुला फसवलं, आणि नोव्हेंबरात ते उघडं पडू नये म्हणून बाबांना शेवटचं बघायलाही आले नाही. यात दुसरं जास्त वाईट की पहिलं, मला ठरवता येत नाही. तेराव्याला आत्या काहीतरी बोलली, तेव्हा तू तिला गप्प केलंस, हे मला नागपूरहून दोघा-तिघांनी कौतुकाने सांगितलं. ‘पद्मिनी म्हणाली, माझी बहीण तिकडे पिंजऱ्यात तडफडतेय, तिला बोलायचं नाही.’ ते ऐकल्या दिवसापासून तुला फोन करताना मी आधी पाणी पिते.

आणि मग खरोखरचा पिंजरा मिळाला, चांगला संत्र्याच्या झाडांचा. रोज सकाळी लिस्बनच्या ऑफिसला फोन लावायचा आणि बाई सांगणार, अजून नाही. तेव्हा कळलं, की व्हिसा नसतो तेव्हा माणूस कसा बोलतो. मी तुझ्याशी बोलले होते ते किती शांत होतं. खरंच अडकलेलं माणूस तसं बोलत नाही. तू हुशार आहेस, तुझ्या कानाला ते कळलं नाही असं मला वाटत नाही. कदाचित तू कळून घेतलं नाहीस. मी अडकलेय हे कळलं असतं तर तू पुन्हा माझ्याच बाजूने भांडली असतीस, ते मला सोसलं नसतं, म्हणून शैलेंद्रला बजावलं होतं.

एकोणीस तारीख त्या घरातच आली. रविवार होता. सकाळी मी कुंडाजवळ दिवा लावला, नोराकडच्या ऑलिव्हच्या तेलाचा. तिने विचारलं, मी सांगितलं, वडील गेले ती तारीख. ती म्हणाली, तू होतीस का जवळ? मी नाही म्हटलं. ती बटाटे सोलत होती. आयरिश बाई जगाच्या पाठीवर कुठेही गेली तरी रविवारी बटाटे सोलते.

मी विचारलं, “तुझी आई गेली तेव्हा भाऊ आला होता?” तिचा भाऊ बॉस्टनला असतो, हे ती आधी बोलली होती.

“मायकल? तो कसा येणार? वीस वर्षं तिथे आहे, पण कागद नाहीत. बाहेर पडला की परत शिरता येत नाही. फ्युनरलला मी चर्चमध्ये मोबाइल वर धरून उभी होते. हात भरून आला. त्याने तिकडून ऐकलं, कुठल्यातरी बांधकामावर, डोक्यावरचं हेल्मेट काढून.”

ताई, मी हे ऐकताना मान खाली घातली. जे त्याचं खरं होतं, ते मी उचलून आणलं होतं.

मी म्हटलं, “आणि कागद असूनही आला नसता तर?”

तिची सुरी थांबली नाही. “तर मी त्याला ठार मारलं असतं.” सोललेला बटाटा तिने पाण्यात टाकला. मग म्हणाली, “पण मला सांगितलेलं हवं होतं. सहा वर्षं झाली, मी अमेरिकेवर चिडून आहे. टीव्हीवर तो झेंडा दिसला तरी डोकं फिरतं. अमेरिकेला त्याचं काय? माणसावर चिडलं तर तो निदान उलटून बोलतो, रडतो, दारात येऊन उभा राहतो. देश काय करतो?” पुढचा बटाटा उचलून म्हणाली, “का विचारलंस?”

“सहज.”

“सहज नाही विचारलंस,” ती म्हणाली. “घे, हे चिर.”

त्या दिवसापासून तीनच्या आधी मी चौकात येऊन बसायला लागले. नोरा घरात असली तरी उत्तर मी द्यायचे. सहा दिवस दिलं. मोजून सहाच, त्याने काही फिटत नाही, मला कळतं. शेवटच्या दिवशी सी द्रिस माझ्या उच्चाराला हसले आणि मला तो शब्द दोनदा म्हणून दाखवला. त्यांच्या तोंडी तो फार मऊ लागतो.

लिस्बनहून शिक्का आला, या वेळी कितीही वेळा येण्याचा, आणि पंचवीसला परत आले. विमानतळावर शैलेंद्र एकटाच आला होता. गाडीत मी म्हटलं, मी ताईला लिहिणार आहे, सगळं.  लिक्सलिपचं वळण आलं तेव्हा तो म्हणाला, “फोनवर सांगू नकोस. त्या तुला मध्येच थांबवतील आणि माफ करून टाकतील.” तो तुला ओळखतो. म्हणून हे पत्र. आज सकाळपासून लिहितेय, चार वाजले, बाहेर अंधार झालाय. मुक्ता दोनदा विचारून गेली, “मॅम, इज इट ॲन एसे?” मी हो म्हटलं.

तू दोन वर्षं आयर्लंडवर चिडून आहेस. मुक्ताला फोनवर ‘तुमचं ते सरकार’ म्हणतेस, आणि ती बिचारी या देशाच्या वतीने ‘सॉरी मावशी’ म्हणते. या देशाने काही केलेलं नाही. त्याने मला नीट शिक्का मारून दिला होता. तो राग माझा आहे, तो मला मिळू दे.

आत्याला खरं सांगायचं का, ते तू ठरव. सांगितलंस तर मी नाही म्हणणार नाही.

तिकीट काढलं आहे. तेरा जानेवारीला निघते, चौदाला दुपारी नागपूर. दोन महिन्यांची रजा घेतली आहे, मालकिणीला नाताळनंतर काम कमी असतं. आता दोन महिन्यांचा कुणाला उपयोग नाही, हे मला माहीत आहे. पण तू तेवढे मागितले होतेस. तू झोप. मी स्वयंपाक करीन. कपाट तू म्हणशील तेव्हा उघडू, न म्हणालीस तर नको. व्हिसा आहे. झेरॉक्सच्या मागच्या पानावर त्याचीही प्रत आहे. इथून पुढे माझा शब्द तू तारीख बघूनच धरावास, हे योग्य आहे.

तुझ्याकडे आले की बेल वाजवणार नाही. दाराबाहेर उभी राहून बाबांसारखी खाकरेन. मनात नसेल तर लगेच ‘ये’ म्हणू नकोस. गॅसवर काही असेल, मिक्सर चालू असेल, किंवा नुसतंच म्हणावंसं वाटत नसेल, तरी चालेल. मी जिन्यात उभी राहीन. जायची घाई नाही.

तुझ्या दाराबाहेरची,
निमू